खिळ्यावरचा कौल

आमच्या धुलाई कक्षातला पंखा बंद पडून चार वर्षं झाली होती आणि अख्ख्या विद्यापीठात त्याचं दुःख फक्त अकरा बायकांना होतं. त्यातल्या दोन म्हणजे मी आणि माझी आई.

धुलाई कक्ष म्हणजे सायन्सच्या इमारतीत सगळ्यात खालची लांबट खोली. केमिस्ट्री, फार्मसी, माती परीक्षण, सगळीकडची खराब काचेची भांडी इथं येतात. बीकर, फ्लास्क, नळ्या. साबणानं न निघणारं आम्ही अ‍ॅसिडनं काढतो. अ‍ॅसिडची वाफ वर जाते, वर हवा बाहेर ओढणारा पंखा बंद, मग ती परत आमच्याकडंच येते. आई तिथं सोळा वर्षं आहे. तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात, त्यामुळं जुन्या थंब मशीननं तिचा अंगठा कधी घेतला नाही. जिना चढताना ती आता मधेच थांबते, आणि थांबलेलं कळू नये म्हणून वाकून चप्पल नीट करते. ती चप्पल मी रोज बघते. चपलेला काही झालेलं नाही.

मी तिथं दीड वर्षं आहे, रोजंदारीवर. दहावीत गणिताचे सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तू पुढं भांडीच घासणार. मी दप्तर बाकावर तसंच सोडून निघून आले, ते परत गेले नाही. आता भांडीच घासते. सर बरोबर निघाले याचा मला जास्त राग येतो.

पंख्यासाठी आईनं चौदा अर्ज केले होते. दर वेळी एकच उत्तर. हा कर्मचारी कल्याणाचा विषय आहे, कर्मचारी सल्लागार समितीमार्फत या. त्या समितीत शिपाई, माळी, सफाईवाले, आम्ही, अशा दोनशे चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची मिळून एक खुर्ची. तिच्यावर नऊ वर्षं हणमंत पांढरे बसलेले. मुख्य शिपाई. सगळे त्यांना पांढरेमामा म्हणतात. मामा अर्ज घ्यायचे, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, बघतो की. शर्ट धुवायला जायचा, अर्जही धुऊन निघायचा.

मागच्या निवडणुकीत आई त्यांच्या विरोधात उभी राहिली आणि सहा मतांनी पडली. आदल्या दिवशी मामांनी मळ्यात मटण ठेवलं होतं. आमच्याच खोलीतली गयाबाई, जिच्या बाळंतपणाच्या रजेसाठी आई चार ऑफिसं फिरली होती, तिनंही मत मामांना दिलं. दुसऱ्या दिवशी आईच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "खाल्लं होतं गं अक्का. खाल्ल्या मिठाला जागायला नको का?" आणि आईनं तिलाच समजावलं. मला दोघींना एकाच बादलीत बुडवावंसं वाटलं.

म्हणून कौल आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता.

*

कौल म्हणजे मतपत्रिका नसलेली निवडणूक. ती समजावून सांगायला उपकुलसचिव बारबोले मॅडमनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. मॅडम वाईट नाहीत. त्यांना फक्त सगळं नियमात बसलेलं आवडतं. त्यांनी दोन वाक्यं बोलून माईक निहाल तांबोळी नावाच्या इंजिनियरकडं दिला. चोवीस-पंचवीसचा असेल. त्याच्या गळ्यात एक बिल्ला होता, काडेपेटीएवढा, वर हिरवा ठिपका.

तो म्हणाला, हा बिल्ला तुमचे शब्द ऐकत नाही. याला तीन गोष्टी कळतात. याला एक डोळा आहे, त्याला समोरच्याचा बिल्ला दिसतो, म्हणजे कोण कोणाकडं तोंड करून उभं आहे ते कळतं. लहरींवरून दोघं किती जवळ आहेत ते कळतं. आणि याला आवाजाची चाल कळते, शब्द नाही. कुठं थांबला, कुठं वेग घेतला, मधे श्वास कधी घेतला, एवढंच. माणसाचा ज्याच्यावर विश्वास असतो, त्याच्याशी बोलताना हळूहळू दोघांची लय एक होते. श्वाससुद्धा जुळतो. हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत आहे. नवीन एवढंच, की आता ते दोनशे जणांचं एकदम, तीन-तीन महिने मोजता येतं.

मग त्यानं पडद्यावर जाळं दाखवलं. प्रत्येक माणूस एक ठिपका, दोघं भेटले की मधे दोरा, लय जुळली की दोरा जाड. तीन महिन्यांनी ज्या ठिपक्याकडं सगळ्यात जास्त जाड दोरे येतील तो प्रतिनिधी. म्हणजे अडचण आली की माणसं खरोखर ज्याच्याकडं जातात तो.

मी उभी राहून विचारलं, कुणी मटण घातलं तर?

सभागृह हसलं. पांढरेमामा मागं वळून माझ्याकडं बघायला लागले. निहाल पण हसला. म्हणाला, "मटणानं श्वास जुळत नाही."

त्याच क्षणी मला वाटलं, झालं, आई आली. कारण सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चारनंतर आईपाशी नुसती रांग असते. कुणाची बदली, कुणाचा नवरा, कुणाच्या पोराचा दाखला. ती ऐकते, मग पदर खोचून म्हणते, चल, आपण जाऊन विचारू. हे सगळं आता मोजलं जाणार होतं. मी घरी येऊन तिला सांगितलं तर ती भाकरी थापत म्हणाली, मोजू दे की.

*

बिल्ले मिळाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आमच्यातल्या रुक्सानाचाचीचा बिल्ला मेला. आमच्या खोलीत त्याची पिन हिरवी पडली, मग ठिपका विझला. स्टोअरवाल्यानं चाचीकडून तीन वेळा खुलासा लिहून घेतला, वस्तू का खराब केली म्हणून. चाचीला लिहिता येत नाही, तिन्ही वेळा आईनं लिहिलं. तेव्हा गयाबाईनं शक्कल काढली. शेजारी पंपाची खोली आहे, तिथून बागेला पाणी जातं. तिथं भिंतीत एक मोठा खिळा आहे, माळी त्यावर सदरे अडकवतात. माळ्यांनी चिखलाच्या भीतीनं आपले बिल्ले आधीच तिथं टांगले होते. आम्हीही सुरू केलं. दहाला भांडी घ्यायच्या आधी बिल्ला खिळ्यावर, चारला परत गळ्यात. अकरा आमचे, सात माळ्यांचे. खिळ्यावर नुसता घोस.

यात कुणाला काही चुकीचं वाटलं नाही. सोन्याची पोत काढून ठेवतोच ना आपण भांडी घासताना.

निहालनं सांगितलं होतं की बिल्ला अंगावरून काढला की झोपतो, कारण आत हालचाल ओळखणारा काटा आहे. पण मला एक दिवस दिसलं की खिळ्यावरचे अठराच्या अठरा ठिपके हिरवे होते. मी भिंतीला हात लावला. पंप चालू होता, भिंत थरथरत होती, भिंतीबरोबर खिळा, खिळ्याबरोबर बिल्ले. त्यांना वाटत होतं ते माणसाच्या छातीवर आहेत.

चहाच्या टपरीवर मी निहालला सहज विचारावं तसं विचारलं, हिरवा ठिपका म्हणजे काय. तो म्हणाला, माणूस जागा आहे. मग आपण होऊनच त्यानं लॅपटॉप उघडला. कुणीतरी विचारावं याची तो वाटच बघत असावा. नावं त्यालाही दिसत नव्हती, नुसते ठिपके. कोण कुठं होतं ते कुणीच बघत नाही, म्हणाला, तसा नियम आहे. फार तर कुठल्या खोलीत किती माणसं होती एवढं समितीला विचारता येतं. जाळ्यात एका कोपऱ्यात झगझगीत गुच्छ होता. बाकी सगळे दोरे सुतासारखे आणि हा गुच्छ दोरखंडासारखा.

"हे कोण आहेत माहीत नाही," तो म्हणाला, "पण सहा-सहा तास एकत्र असतात आणि यांचे श्वास एकदम एक आहेत. असं मी कुठंच बघितलं नाही. यांचं एकमेकांवर भयंकर प्रेम आहे."

मी ओढणी तोंडात कोंबली. तो पंपाचा श्वास होता.

मग मी विचारलं, या गुच्छातलं मोठं कोण? तो म्हणाला, ते रोज बदलतंय, तेच कळत नाही. जो मधे असतो, ज्याच्याकडं बाकीच्यांची तोंडं असतात, त्याचं वजन वाढतं. माझं हसू तिथंच थांबलं. खिळ्यावर रोज मधे कोण असतं? जो मधेच येईल तो. काल माळ्यांचा एक पोरगा होता. परवा मी होते. म्हणजे हे असंच चाललं तर दोनशे जणांचा प्रतिनिधी कोण, ते अठरा जणं खिळ्यापाशी कुठल्या क्रमानं येतात त्यावर ठरणार होतं. आईची सकाळची रांग, तिचं पदर खोचणं, तिन्ही खुलासे, सगळं त्या गुच्छापुढं सुतासारखं.

मी काय करायला पाहिजे होतं ते आता मला माहीत आहे. तिथल्या तिथं सांगायचं, सर, तो खिळा आहे. पण मग स्टोअरवाला आला असता, खुलासे आले असते, मामा हसले असते. आणि मला सहा मतं आठवत होती.

दुसऱ्या दिवशी दहाला मी पंपाच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, आणा इकडं, मी लावते. सगळ्यांनी बिल्ले माझ्या हातात दिले. पोरगी कामाला लागली म्हणून गयाबाईनं कौतुक केलं. मी आईचा बिल्ला मधे घेतला आणि बाकीचे सतरा तिच्या भोवती असे वळवले की सगळ्यांची तोंडं तिच्याकडं. देवीला फुलं लावावीत तसे. चार वाजता काढायचे, दहाला लावायचे. नऊ आठवडे. मला चोरी वाटली नाही. लोक आईकडंच बघत होते, मी फक्त बिल्ल्यांना तसं बघायला लावत होते.

*

आई निवडून आली. नुसती आली नाही, मामांच्या तिप्पट आली. माळ्यांनी झेंडूचा हार आणला, गयाबाई भर आवारात नाचली. मामांनी येऊन हात जोडले आणि म्हणाले, पद्मीनबाई, मशीनला तुमचं लई पटलेलं दिसतंय. आईला तो टोमणा समजला, पण ती हसली. इतकी वर्षं मी तिला हसताना बघते, पण दात दिसतील असं ती पहिल्यांदाच हसली.

पहिल्या बैठकीला तिनं जांभळी इरकल नेसली. नवी वही घेतली, तिच्यावर नाव घातलं, पद्मीन भीमराव सरवदे, सदस्य. बैठक कर्मचाऱ्यांना बसून ऐकता येते, म्हणून मी आणि रुक्सानाचाची भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसलो. मामाही होते, समितीच्या चहापाण्याची व्यवस्था त्यांच्याकडंच असते.

आईनं पंख्याचा विषय मांडला. मला वाटलं होतं ती अडखळेल. नाही अडखळली. चार वर्षं, चौदा अर्ज, अकरा बायका, तिघींना दम लागतो, एकीला रात्री झोप येत नाही. ती एक कोण ते ती बोलली नाही. रोज सहा तास आम्ही त्या वाफेत असतो, म्हणाली. सगळे ऐकत होते. लेखाधिकारीसुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकत होते.

बारबोले मॅडम म्हणाल्या, विषय गंभीर आहे, लगेच घेऊ. फक्त खोलीचा वापर किती आहे ते नोंदीत जोडावं लागेल, म्हणजे खरेदी विभाग अडवणार नाही. त्या आमच्या बाजूनंच बोलत होत्या. निहाल कोपऱ्यात बसला होता, त्यानं खोलीचा आकडा काढला आणि पडद्यावर टाकला.

धुलाई कक्ष. दहा ते चार. मोजणीच्या शेवटच्या दोन महिन्यांची सरासरी उपस्थिती, शून्य.

त्याखाली आपोआप दुसरी ओळ आली. लगतची पंपाची खोली, अठरा.

सगळ्यांनी त्या दोन ओळी परत वाचल्या. मग मामा चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाले, "तरीच. बागेला पाणी कमी अन् पंपाला गप्पा जास्त."

लोक हसले. दात काढून नाही, तोंड फिरवून हसले, ते जास्त लागतं. लेखाधिकाऱ्यांनी मोबाईल परत उचलला. मॅडमनी चष्मा काढून आईकडं बघितलं आणि विचारलं, "सरवदेबाई, या खोलीत तर कुणीच नसतं. मग पंखा कुणासाठी?"

मी आईकडं बघत होते. ती गप्प बसली असती तर खुर्ची राहिली असती. नोंदीत काहीतरी चूक असेल, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं, विषय पुढच्या बैठकीवर गेला असता. मी मनातल्या मनात तिला तेच सांगत होते, पुढच्या बैठकीवर जाऊ दे, जाऊ दे.

आई उभी राहिली. म्हणाली, "आम्ही खोलीतच होतो मॅडम. बिल्ले खिळ्यावर होते." आणि सगळं सांगितलं. हिरवी पिन, खुलासे, खिळा. माळ्यांची नावं तेवढी घेतली नाहीत.

निहालचा चेहरा उतरला. त्यानं लॅपटॉप जवळ ओढला आणि तो गुच्छ उघडला, या वेळी खूप मोठा करून. अठरा ठिपके. मधे एक, भोवती सतरा, एकदम गोल. त्यानं तारखा मागं-पुढं करून बघितल्या. मग हळू म्हणाला, "पहिले तीन आठवडे कसेही लावलेत. पण नंतर रोज हेच. सगळ्यांची तोंडं सरवदेबाईंच्या बिल्ल्याकडं. हे आपोआप होत नाही."

"माझ्याकडं कशाला कोण..." आई म्हणाली आणि मधेच थांबली. तिनं मान वळवून भिंतीकडं बघितलं. दोनशे जणांतून तिला एकच नाव सुचलं.

"मी लावले," मी म्हणाले. "तिला माहीत नाही."

त्यानंतर पुष्कळ बोलणं झालं. त्यात माझंही पुष्कळ होतं आणि त्यातलं निम्मं आता सांगण्यासारखं नाही. मी मॅडमना म्हटलं की अकरा माणसं खोकतात ते दिसत नाही आणि खिळा दिसतो. चाची माझा हात धरून खाली बसवत होती. शेवटी निकाल असा लागला की निवड रद्द. तीन महिने परत मोजणी. पंख्याचा विषय प्रतिनिधीनं मांडायचा असतो आणि आता प्रतिनिधीच नाही, म्हणून तो विषय मांडलाच गेला नाही असं धरायचं. मॅडमनी ते वाईट वाटूनच लिहून घेतलं.

बाहेर जिन्यापाशी निहालनं मला गाठलं. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "खिळ्याचे सगळे तास काढून मी आत्ता परत हिशोब केला. नुसते सकाळचे आणि चारनंतरचे धरले. तरी तुझी आईच पहिली येते. दुपटीनं."

"मग सांगा ना आत जाऊन."

"सांगितलं. छेडछाड झालेली निवड धरता येत नाही." तो चालायला लागला, मग परत वळला. "तू मला त्या दिवशी टपरीवर सांगितलं असतंस तर मी ते तास त्याच दिवशी काढले असते."

*

आई माझ्याशी पाच दिवस बोलली नाही. डबा भरायची, दार लोटायची, कामावर माझ्या शेजारी उभी राहून फ्लास्क घासायची, पण एक शब्द नाही. मी चिडून दोन बीकर फोडले, तरी नाही. सहाव्या दिवशी मीच भांडण काढलं. म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना, मामांसाठी तर नाही केलं. तू गप्प बसली असतीस तर आज खुर्ची असती.

ती जिन्यात होती. थांबली. या वेळी चप्पल नीट केली नाही, नुसती कठड्याला धरून उभी राहिली, दम परत येईपर्यंत.

"त्या मशीनचं मला काही न्हाई," ती म्हणाली. "पण तुला वाटलं, मी अशी येणारच न्हाई."

मी म्हणाले, तसं नाही. ती म्हणाली, तसंच हाय. आणि उरलेल्या पायऱ्या चढून गेली.

 मला लोकांची खात्री नव्हती, हे खरं. गयाबाईचं मटण माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. पण लोकांची खात्री नसणं म्हणजे आईची खात्री नसणं, हे मला त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं.

*

नवी मोजणी सुरू झाली त्या दिवशी दहाला बायका सवयीनं पंपाच्या खोलीकडं वळल्या. आई दारात उभी होती. म्हणाली, आता काढायचे न्हाईत. गळ्यात राहू दे.

मी म्हटलं, अक्कल आहे का, मरतील ते. मेले की आपली मोजणी थांबेल. आपली थांबली की मामा येतील. हे शेंबड्या पोराला कळतं.

"कळतंय मला," आई म्हणाली. "पण आपण कुठं हावोत ते तरी दिसंल. शून्य म्हणले होते."

चाचीनं आपला बिल्ला पदरावर नीट बसवला आणि खोलीत गेली. मग गयाबाई. मग सगळ्या. मी शेवटी गेले, शिव्या देत.

चौथ्या दिवशी पहिला बिल्ला मेला. आठव्या दिवशी अकरावा, तो आईचा. स्टोअरवाला खुलासे मागायला आला तेव्हा आईनं त्याला आत बोलावलं, इथंच बसून लिहून देतो म्हणाली. तो सात मिनिटं बसला आणि डोळे पुसत बाहेर गेला. नवे अकरा यायला महिना लागला. तेही दोन आठवड्यांत गेले. तिसऱ्या वेळी, आणखी महिन्यानं, निहाल स्वतः आला. त्यानं एक बिल्ला टेबलावर उघडला. आत तांब्याच्या तारा होत्या, त्यांच्यावर हिरवा थर चढलेला, शेवाळासारखा. त्यानं नखानं तो थर खरवडून बघितला. मग त्यानं मान वर करून छताकडं बघितलं, तिथल्या बंद पंख्याकडं, आणि मग आमच्याकडं, ओळीनं, आम्हा अकराजणींनाही उघडून बघावं असं त्याला वाटलं असावं.

त्यानं अहवाल लिहिला. मला वाचून दाखवला. धुलाई कक्षातल्या हवेमुळं बिल्ल्यांचं आयुष्य सरासरी आठ दिवसांवर आलं आहे, ही हवा उपकरणांसाठी घातक आहे, तातडीनं उपाय करावा. मी विचारलं, यात आम्ही कुठं आहोत. तो म्हणाला, माणसांचं लिहिलं तर ते समितीकडं जाईल. उपकरणांचं लिहिलं की थेट कुलसचिवांकडं जातं. तो हे शरमून म्हणाला, पण म्हणाला.

चार वर्षं आणि चौदा अर्ज. अहवालानंतर पंखा सहा दिवसांत आला.

एक नाही, दोन आले. दोन माणसं शिडी घेऊन आली, जुना काढला, त्यात चिमण्यांचं घरटं निघालं, नवे बसवले. बटण दाबलं तसा खोलीत वारा फिरला आणि अ‍ॅसिडच्या बाटलीवरची वाफ सुतासारखी सरळ वर गेली, आमच्या तोंडावर न येता. गयाबाई रडली. तिला काहीही चालतं रडायला. शिडीवाल्यानं जाताना पंख्याखाली एक पिवळी पाटी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, उपकरण संरक्षणासाठी.

त्याच आठवड्यात मोजणी संपली. आमच्या अकरा जणींपुढं माहिती अपुरी असा शेरा आला. मोजणीत नसलेल्याला निवडताही येत नाही. आईच्या रांगेतले बाकीचे दोरे होते, पण ते बांधायला तिचा ठिपकाच नव्हता. पांढरेमामा परत आले. अठरा दोऱ्यांनी.

मामांनी आम्हाला मळ्यात जेवायला बोलावलं. मी गेले नाही. आई गेली, वाढायला मदत केली, जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले, हातात भांडी खरवडायची पट्टी घेऊन. स्टुलावर चढले आणि त्या पिवळ्या पाटीचा कोपरा उचकटायला लागले. निम्मी निघाली असेल, तेवढ्यात आई आत आली. मला वाटलं शाबासकी देईल.

"असू दे तशीच," ती म्हणाली. "चिकटव परत."

"कामून? आपल्यासाठी नाही लावला त्यांनी. बिल्ल्यासाठी लावलाय. लिहिलंय बघ."

"वाचलंय मी." तिनं पदर खोचला, बाटलीचं बूच काढलं आणि मला फ्लास्कची टोपली खाली उतरवायची खूण केली. "उद्या पंखा बंद पडला तर पाटी बघून तरी येतील."

मी कोपरा परत दाबला. तो नीट बसेना. अंगठ्यानं धरून ठेवावा लागला.